तुळशीतली भांग

‘तुळशीत भांग उगवली’ असे आपल्याकडे म्हणतात. कुळ चांगले, आईबाप सालस, पण एखादे कार्टे निपजते वाह्यात. मग शेजारीपाजारी ही म्हण उच्चारून मोकळे होतात. लहानपणी ही म्हण मी माझ्या संबंधातही दोनचार वेळा ऐकली असेल. पुढे मी शिक्षक झालो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो, आणि मग कोणी ती म्हण माझ्यासमोर तरी काढीनासे झाले. पण शब्दांत गुंतण्याची खोड जडल्यावर एक शंका मनात येऊ लागली. म्हण ही नेहमी ओळखीच्या वस्तूंवरून बनते. तुळस घरोघर होती हे खरे. पण तिच्या आळ्यात भांग उगवायची, तर तीही जवळपास कुठेतरी असलीच पाहिजे. मग आमच्या परसातून ती गेली कधी? आणि तिला घालवली कोणी?

ही शंका कदाचित शंकाच राहिली असती. पण गेल्या वर्षीच्या गणपतीत एक गोष्ट घडली, आणि उत्तर शोधणे मला भाग पडले.

आमचे सावर्डे चिपळूण तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. एके काळी खैराच्या काताच्या व्यापारासाठी गावाचे नाव दूरवर माहीत होते. कोकणातल्या इतर गावांप्रमाणे येथलीही तरणी मुले मुंबईला असतात आणि गणपतीला गाव पुन्हा भरते. असाच माझा एक जुना विद्यार्थी आला होता. त्याचा बाप लवकर गेला. आईने चार घरची कामे करून, स्वतःचे दोन दळे लावून त्याला वाढवले. आरतीला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. आरती झाली, खिरापत हातावर पडली, आणि म्हातारी मोठ्या कौतुकाने मला मागल्या दारी घेऊन गेली.

“गुरुजी, पोरानं मुंबयहून बी आणलंन् नि लावलंन्. फुलझाड हाय म्हणतो. माजं रोजचं पानी चाललंय तुळशीबरोबर.”

तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी खताच्या जुन्या पोत्यात माती भरून दोन रोपे लावलेली होती. जेमतेम हातभर उंच. पाने बोटांसारखी पसरलेली, कडांना करवतीचे दाते. आणि एवढ्याशा रोपांना शेंड्यावर चक्क फुलोरा धरलेला. मी पोराकडे पाहिले. पोराने नजर खाली घातली.

तुळशीत भांग! म्हण माझ्यासमोर अक्षरशः उभी होती, आणि तिला पाणी घालणारी माउली बिचारी पदर सावरून हसत होती.

आईसमोर मी काही बोललो नाही. बाहेर पडताना पोराला म्हणालो, “उद्या सकाळी माझ्याकडे ये.” तो आला. खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. मुंबईत कोणा मित्राकडून त्याला बी मिळाले होते. “गुरुजी, हे साधं नाही. याला उजेड-अंधाराचं काही लागत नाही. पेरलं की महिन्याभरात आपोआप फुलतं, अडीच-तीन महिन्यांत काम खलास. झाडही बुटकं, कोणाला दिसत नाही. विलायतेत लोक घरात कुंडीत लावतात.”

“म्हणजे हळवे आहे म्हण की,” मी म्हणालो. तो गोंधळला. मुंबईत राहून तो भाताची भाषा विसरला होता. ती भाषा वाचकांपैकीही कोणी विसरले असतील, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्याकडे भाताच्या तीन जाती: हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे भात उथळ जमिनीत, वरकस उतारावर लावतात. ते शंभर-सव्वाशे दिवसांत पिकते आणि दसऱ्याच्या सुमाराला कापणीला येते. गरवे लावतात खोल, पाणथळ खाचरात. ते दिवाळी उलटली तरी उभेच असते. आता गंमत पाहा. जुने गरवे भात तुम्ही पंधरा दिवस आधी पेरा की नंतर पेरा, ते आपल्या ठरल्या वेळीच पोटरीवर येते. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढू लागली, की त्याला कळते की आता फुलायचे. हळव्याला असे पंचांग नाही. ते आपले वय मोजते. कर्जत-१८४ सारखे हळवे वाण रुजल्यापासूनचे दिवस भरले की फुलते. एक आभाळाकडे पाहून चालते, दुसरे स्वतःच्या वयाकडे. आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याने हा भेद पिढ्यान्‌पिढ्या ओळखला आणि त्याप्रमाणे जमिनी वाटून दिल्या. 

युरोप-अमेरिकेतल्या शास्त्राला तो कळायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि योगायोग असा की, त्या शोधाच्या आरंभी भांगेचेच झाड उभे आहे. १९१२ साली ज्युलियँ तुर्न्वा नावाच्या तरुण फ्रेंच संशोधकाने प्रसिद्ध केले की, भांगेच्या रोपांना दिवसातून थोडाच वेळ उजेड मिळू दिला तर ती लवकर फुलतात. पुढचे काम त्याच्या हातून व्हायचे नव्हते. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. मग १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड या दोघांनी तंबाखू, सोयाबीन वगैरे झाडे ठरल्या वेळी अंधाऱ्या खोपटात ढकलून, ठरल्या वेळी बाहेर काढून हा नियम पक्का केला. पुढे तर असे दिसून आले की, झाड मोजते ती मुख्यतः रात्र. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचा हिशेब चुकतो. आपली देशी भांग ही या हिशेबाने गरवी. पावसात रुजते, रात्री वाढू लागल्या की फुलोऱ्यावर येते आणि थंडीत तयार होते.

मग हळवी भांग आली कोठून? ती आली उत्तरेकडून. रशियात व्होल्गा नदीच्या काठच्या सारातोव्ह येथील यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली त्या मुलखात रानोमाळ उगवणाऱ्या बुटक्या भांगेचे वर्णन करून तिला ‘रुडेरालिस’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पडझडीच्या, उकिरड्याच्या जागी उगवणारी. त्या मुलखात उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा. रात्र वाढण्याची वाट पाहत बसले तर बी धरण्याआधीच बर्फ पडायचे. तेव्हा जी झाडे दिवस-रात्रीकडे न पाहता वयावर फुलली, त्यांचेच बी उरले. निसर्गाने तेथे गरव्याचे हळवे करून ठेवले. या झाडात नशा फार थोडी, म्हणून कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. फिनलंडमधल्या लोकांनी रशियन बियाण्यांतून निवड करून ‘फिनोला’ नावाचा बुटका, लवकर येणारा वाण काढला, तो तेलबीसाठी. आणि या शतकाच्या आरंभी ‘लोरायडर’ नावाचे बी बाजारात आले. त्यात या रानटी झाडाचा हळवेपणा आणि लागवडीच्या झाडाची नशा एकत्र आणलेली होती. तेथून या ‘आपोआप फुलणाऱ्या’ जातींचे पेव फुटले.

घरी लावणाऱ्याला त्याचे मोल काय, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. थंड देशात उन्हाळा अपुरा; तेथे हळव्या झाडाने एका मोसमात पीक हाती येते. झाड लहान, म्हणून कुंडीत मावते. घरात दिव्यांवर वाढवणाऱ्याला बारा तास काळोख करण्याचा खटाटोप नाही. उणेही आहेच. हळव्याचे घड्याळ थांबवता येत नाही. कोवळेपणी रोप दुखावले तर ते सावरण्याआधीच फुलून जाते. फांदी तोडून तिचे नवे रोप करावे, तर त्या फांदीचेही वय आईइतकेच. आणि हा गुण दबणारा आहे. गरव्याशी संकर झाला की पहिल्या पिढीत तो दिसत नाही. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावण्याची मुभा आहे, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून दर प्रौढ माणसास तीन. तेथल्या माणसाला हा हिशेब उपयोगी पडतो. आमच्या सावर्ड्याला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्याही आतला, सर्वांत लहान अकराच्या थोडा वर. येथे गरव्या झाडालाही रात्रीची वाट फार पाहावी लागत नाही. पोराने विलायती गरजेचे औषध आणून ते गावच्या मातीत लावले होते.

पण माझा मूळ प्रश्न राहूनच जातो आहे. आमची देशी भांग परसातून गेली कशी?

ती होती, याला पुरावे भक्कम आहेत. अथर्ववेदात सोम ज्यांचा राजा अशा वनस्पतींबरोबर भांगेचे नाव येते. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणावे याचा नियम सांगितला आहे, त्याच सूत्रात भांगेचे शेत येऊन बसले आहे. ‘भाङ्गीन’ म्हणजे भांगेचे शेत. व्याकरणकाराने ज्याच्यासाठी शब्द साधून द्यावा, ते पीक काही चोरून लावलेले नव्हे.

आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर गोव्यातला साक्षीदार मोठा मासलेवाईक आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि १५६३ साली त्याने येथील औषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात एक संवाद भांगेवर आहे. तो लिहितो की, माझे नोकर मला न सांगता ही घेत, आणि म्हणत की हिने कामाचा शीण वाटत नाही, मन खूश राहते आणि भूक लागते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची गोष्टही त्याने दिली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, इराण हिंडून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, असे सुलतान एका पोर्तुगीज सरदाराला सांगत असे! ओर्ता स्वतः मूळचा यहुदी घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळली. त्या वैद्याचा ग्रंथ मात्र टिकला, आणि त्यामुळे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातल्या गडीमाणसांची ही खासगी गोष्ट आपल्याला कळते.

इंग्रजी अंमलात भांगेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तिच्यात आता उत्पन्न दिसू लागले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मादक पदार्थ सरकारी देखरेखीखाली आले. इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होई. मध्य प्रांतात ती खांडव्याकडे एकवटलेली होती, तर बंगालात राजशाहीकडील नौगाव येथे. तेथे चपटा, गोल आणि चूर असे गांजाचे तीन प्रकार बनत. शेतातली नर झाडे वेळीच हुडकून उपटणे ही तेथली मोठी विद्या. कारण मादीला परागस्पर्श झाला की ती बी धरते आणि गांजा हलका पडतो. त्यासाठी खास जाणते लोक मजुरीने लावत.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या मद्यपाननिषेधवाल्या सभासदाने प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून हिंदुस्थान सरकारचे भांग-गांजा कमिशन निघाले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, मामलेदार, मिशनरी, साधू, शेतकरी, व्यापारी, सर्वांना विचारले. वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रे तपासली, आणि तेथे ‘गांजाने वेड लागले’ म्हणून नोंदलेल्या कित्येक प्रकरणांना काही आधारच नाही असे त्यांना आढळले. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी करू नये. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघा हिंदी सभासदांनी मात्र आपली भिन्न मते जोडली. साहेब म्हणाला चालू द्या, आणि आपल्यातले दोघे म्हणाले थांबा. ही गोष्ट ‘परक्यांनी आमची भांग हिरावली’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘परक्यांनी आम्हांला भांग पाजली’ म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी.

पण त्याच अहवालात एक शिफारस आहे, आणि माझ्या मते परसातले झाड खरे तेथे मेले. परवान्यावाचून लागवड बंद करावी, लागवड थोड्या जागी एकवटावी, कर नीट बसवावा. कारण उघड आहे. मागल्या दारी फुकट उगवणाऱ्या झाडावर कर कसा बसणार? मोजता येईल, कुलपात ठेवता येईल, असेच पीक सरकारला हवे होते. घरची भांग हळूहळू बेकायदा झाली ती आधी महसुलासाठी. नीतीचा मुद्दा पुढे आला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला; त्यात भांग-गांजाही आले. १९६१ साली मादक द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजा आणि चरस धरले, पण नुसती पाने वगळली, आणि जुन्या वहिवाटीच्या देशांना पंचवीस वर्षांची मुदत दिली. ती संपण्याच्या सुमारास आपल्या संसदेने १९८५ चा कायदा केला. तो अमलात आला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत. त्या कायद्याप्रमाणे गांजा म्हणजे फुलोरा. शेंड्याशिवायची नुसती पाने आणि बी त्या व्याख्येत नाहीत. पण झाड लावणे हा स्वतंत्र गुन्हा. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. जवळ बाळगलेला माल थोडा की फार हे तेथे पाहतात, पण लागवडीच्या कलमात एक झाड आणि एक एकर असा भेदच केलेला नाही.

येथे मला माझे आजोबा आठवतात. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर एक झाड दर पावसाळ्यात उगवे. आजोबा ना भांग पीत, ना चिलीम ओढत. बैलाला हगवण लागली की चार पाने वाटून गुळाबरोबर चारीत, एवढाच त्याचा उपयोग. कायद्यानंतरच्या पावसाळ्यात कोणी जाणत्याने त्यांना बजावले. मी पाचसहा वर्षांचा होतो. आजोबांनी ते झाड मुळासकट उपटले, उकिरड्यावर न टाकता चुलीत घातले, आणि ओले झाड धुमसत असताना धुरात बराच वेळ बसून राहिले. “आजा लावीत होता, बाप लावीत होता, मी चोर झालो,” एवढेच ते आजीला म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ मला चाळीस वर्षांनी कळला. झाड तेच होते. भोवतालचा कागद बदलला होता.

त्यानंतर जग पुन्हा थोडे फिरले आहे. २०१८ साली उत्तराखंडाने तागासारख्या धाग्याच्या कामासाठी नशाहीन भांगेच्या लागवडीला परवाने दिले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांगेला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचे मत ठरावाच्या बाजूने. २०२१ पासून भांगेच्या बियांचे पदार्थ खाद्य म्हणून विकण्यास आपल्याकडे मुभा आहे. पण मागल्या दारी झाड लावण्यास नाही.

हे सगळे मी त्या पोराला एका सकाळी सांगितले नाही. बरेचसे मलाच नंतर वाचून कळले. त्या दिवशी मी त्याला एवढेच विचारले, “अरे, घर कोणाच्या नावावर आहे?”

“आईच्या.”

“रोज पाणी कोण घालते?”

तो बोलला नाही.

“तू चतुर्थीचा आलास, अनंतचतुर्दशीनंतर मुंबईला जाणार. उद्या कोणी मागल्या दारी आले तर ‘हे झाड कोणाचे’ म्हणून तुला विचारणार नाहीत. ती सांगेल, माझेच, मी वाढवले. खोटे बोलायचे तिला माहीतही नाही. तुझ्या बियाण्याला उजेड-अंधार कळत नाही हे ठीक आहे, पण तुला तरी कळायला हवा.”

तुझ्या वयात हे रोज ओढलेस तर डोक्यावर परिणाम होण्याचा धोका प्रौढापेक्षा अधिक, हेही मी सांगितले. कितपत कानावर गेले कोण जाणे. पण घराचे नाव काढल्यावर त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी तो पुन्हा आला, हात मातीने भरलेले. दोन्ही रोपे उपटून त्याने जाळली होती. आईला काय सांगितलेस, असे मी विचारले. “कीड लागली म्हटलं,” तो म्हणाला. मी मास्तर, खोटे बोलू नये असे शिकवणारा. पण त्या एका खोट्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी तुळशीचे लग्न होते. तो पोर रजा काढून आला नव्हता, पण त्याने मुंबईहून एक पुडके पाठवले होते. पोत्यातल्या त्याच मातीत म्हातारीने ते बी आधीच लावून टाकले होते. मी गेलो तेव्हा वृंदावनाला ऊस बांधलेला, चिंचा-आवळे वाहिलेले, आणि पायथ्याशी झेंडूची कोवळी रोपे.

“आवंदा उशीर झाला लावायला,” ती म्हणाली. “पन येतील नव्हं, गुरुजी?”

“येतील,” मी म्हणालो. “झेंडूला घाई नसते.”